‘काइंड ऑफ ब्लू’ पाठ झाला तरी संपत का नाही?

खर्ज

माइल्स डेव्हिस या अमेरिकन ट्रम्पेटवादकाच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या जॅझ अल्बमबद्दल मनसोक्त बोलता यावं म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती, मग माझं म्हणणं.

ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कला, कोलंबिया कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत झालं, तेही फक्त दोन बैठकांत: २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. रेकॉर्ड बाजारात आली १७ ऑगस्टला. ट्रम्पेटवर स्वतः माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टोवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स (एका रचनेत विंटन केली), डबल बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. पाच रचना, सगळं मिळून पाऊण तास.

त्या काळातलं जॅझ कॉर्ड्सच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांच्या, मागे धावायचं. दर दोन-चार मात्रांना कॉर्ड बदलणार, आणि वादकाने प्रत्येक कॉर्डचा हिशेब चुकता करत पुढे सरकायचं. त्यात थक्क करणारं वादन झालं, पण हुशार वादकांच्या बोटांना ठरावीक जागा बसून गेल्या. अमुक कॉर्ड आली की तमुक तान. माइल्सला यातून बाहेर पडायचं होतं. जॉर्ज रसेल या संगीतकाराने १९५३ मध्येच स्वरसप्तकांवर आधारलेली एक वेगळी मांडणी केली होती, त्याच्याशी माइल्सचं बोलणं व्हायचं. १९५८ च्या त्याच्याच ‘माइलस्टोन्स’ अल्बममध्ये एक प्रयोग करूनही झाला होता. इथे त्याने कॉर्ड्सची ती लांबलचक रांग काढून टाकली आणि वादकाला म्हटलं, हे सात स्वर, हा एवढा वेळ, आता बोल.

‘सो व्हॉट’ बघा. पियानो आणि बास चाचपडत सुरू करतात, मग धून येते ती चक्क बासवर. चेंबर्स एक ओळ म्हणतो, बाकीचे दोन कॉर्ड्समध्ये उत्तर देतात. दीड मिनिटाच्या आसपास माइल्सचा एकल भाग सुरू होतो आणि नेमक्या त्याच क्षणी कॉब झांजेवर आघात करतो. तो नाद विरत जातो आणि त्याच्या खाली बास चालू लागतो. माइल्स किती कमी वाजवतो ते मोजून पाहा. दोन-तीन स्वर, थांबा. आणखी चार, पुन्हा थांबा. त्या थांब्यांमध्ये चेंबर्स आणि कॉब ऐकू येतात, आणि माइल्सने त्यांच्यासाठी जागा सोडली आहे हे कळतं.

एव्हान्सने रेकॉर्डच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलंय की माइल्सने हे आराखडे ध्वनिमुद्रणाच्या जेमतेम काही तास आधी ठरवले होते. वादकांनी या रचना आधी वाजवलेल्याच नव्हत्या. म्हणजे हाताला बसलेलं काही कामाला येणार नव्हतं. प्रत्येकाला त्या क्षणी दुसऱ्याचं ऐकूनच पुढचा स्वर ठरवावा लागत होता. माझ्या मते हा अल्बम जुना न होण्याचं कारण हेच आहे. या माणसांचं एकमेकांकडे असलेलं लक्ष टेपवर उतरलंय, आणि ते दर वेळी वेगळ्या ठिकाणी ऐकू येतं.

तुम्हाला काय वाटतं?

काफीची_वही

फार छान लिहिलंय. मी शास्त्रीय संगीत ऐकणारी, जॅझकडे उशिरा वळले आणि दार उघडलं ते ‘सो व्हॉट’नेच. कारण उघड आहे, त्यातले स्वर म्हणजे आपला काफी थाट. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. कानाला ते घर ओळखीचं होतं. ‘ऑल ब्लूज’चा मुख्य भाग ऐकताना तसंच खमाज थाटाचे स्वर सापडतात. बीबॉप, म्हणजे ते कॉर्ड्समागे धावणारं जॅझ, ऐकताना मला कुठे उभं राहावं ते कळायचं नाही, इथे एका जागी थांबून बढत ऐकायला मिळाली.

आडवाटेने

मी थोडं विरोधात बोलतो. अल्बम सुंदर आहे यात वादच नाही. पण तो इतका टिकला याचं एक कारण तो कुठेही टोचत नाही हेही आहे ना? कॉफीच्या दुकानांत, हॉटेलांच्या लॉबीत, विमानात बसताना, सगळीकडे हाच. लय मध्यम, आवाज मऊ. त्याच १९५९ साली चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह अम’ आला, ऑर्नेट कोलमनचा ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ आला. दोन्ही अंगावर येतात. कोलमनने तर पियानोच काढून टाकला आणि कॉर्ड्सची चौकटही मोडली. धाडस तिकडे जास्त आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ही त्याच वर्षीचा, पाच मात्रांचा ठेका घराघरांत पोचवणारा. मग मान फक्त याच एका अल्बमला का?

खर्ज

@आडवाटेने, प्रश्न रास्त आहे. मिंगस आणि कोलमन मलाही प्रिय आहेत, आणि ते वर्षच विलक्षण होतं. पण ‘टोचत नाही’ हे पहिल्या ऐकण्यापुरतं खरं आहे. एक करून बघा. ‘सो व्हॉट’मध्ये एकल वादनं ओळीने ऐका: माइल्सची दोन आवर्तनं, कोल्ट्रेनची दोन, कॅननबॉलची दोन, मग एव्हान्सचं एक. प्रत्येक आवर्तन ३२ मापांचं (इथे एक माप म्हणजे चार मात्रा), सगळ्यांना तीच जागा, तेच स्वर. माइल्स निम्मी जागा रिकामी ठेवतो. कोल्ट्रेन तीच जागा इतक्या निकडीने भरतो की वाटतं याला अजून किती सांगायचंय. नंतर कॅननबॉल येतो तो ब्लूजची लाडिक वळणं घेऊन, चक्क हसतमुख. आणि एव्हान्स दाट, जवळजवळ असलेले स्वर एकदम दाबतो आणि फुंकवाद्यं त्याच्यामागे ती दोन कॉर्ड्सची हाक देत राहतात. चार स्वभाव एका खोलीत आहेत आणि कोणीही दुसऱ्यासारखं व्हायला जात नाही. पार्श्वसंगीत म्हणून हे वाजवता येतं हे कबूल, पण त्यात शिरणाऱ्यालाही ते पुरून उरतं.

आणि कोल्ट्रेनचं पुढचं बघा. या दुसऱ्या बैठकीनंतर काही आठवड्यांतच, मे १९५९ मध्ये, त्याने ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केलं, जिथे कॉर्ड्स श्वास घ्यायला वेळ देत नाहीत. अगदी उलट टोक. तोच माणूस दोन्हीकडे तितकाच खरा वाटतो.

तानपुऱ्याची_जवारी

@काफीची_वही ताई, थाटापर्यंत तुमच्याशी सहमत, पण ‘हे रागासारखं आहे’ असं जे नेहमी म्हटलं जातं (तुम्ही म्हटलं नाहीत, पण पुढच्या प्रतिसादात कोणीतरी म्हणेलच) त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

राग म्हणजे नुसते सात स्वर नव्हेत. चलन हवं, वादी-संवादी हवेत, कुठल्या स्वरावर थांबायचं आणि कुठला ओझरता घ्यायचा याचं भान हवं. ‘सो व्हॉट’मध्ये सातांपैकी कुठलाही स्वर कुठल्याही क्रमाने चालतो. दुसरं म्हणजे आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही. इथे सोळा मापं डी हा षड्ज, मग आठ मापं सगळं सप्तकच अर्ध्या स्वराने वर उचललं जातं, ई फ्लॅटवर, आणि पुढची आठ मापं परत खाली. ही मूर्च्छनाही नाही, कारण मूर्च्छनेत स्वर तेच राहतात आणि षड्ज बदलतो. इथे अख्खं घरच एक पायरी वर जातं.

पहिल्यांदा मला ते खटकलं होतं. आता त्या उचलण्याचीच वाट बघते. माइल्स त्या वळणावर किती शांतपणे जातो, आणि परत खाली येताना एखादा स्वर असा ठेवतो की आपण घरी आलोय हे कळायला अर्धा क्षण लागतो. ही गंमत आपल्या संगीतात नाही, आणि आपल्या संगीतातली बढत त्यांच्याकडे नाही. दोन्ही वेगळं राहू द्यावं, त्यातच जास्त आनंद आहे.

काफीची_वही

@तानपुऱ्याची_जवारी, अगदी पटलं. वरच्या त्या आठ मापांत माझा कान अजूनही जुना षड्ज धरून बसतो, त्यामुळे ते दुप्पट परकं वाटतं. कदाचित तिथल्या श्रोत्यांना जे साधं वाटतं ते आपल्याला जास्त धक्का देतं.

मध्यलय

वाचतोय. ‘ब्लू इन ग्रीन’बद्दल कोणीतरी लिहा ना.

सालीगावचो

माझे मोठे काका मुंबईत ट्रम्पेट वाजवायचे, संध्याकाळी हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. गोव्यातल्या चर्चच्या परोशियल शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरलिपी गाऊन वाचणं) आणि व्हायोलिन शिकून गेलेली ती पिढी. समोर कागद ठेवा, पहिल्या नजरेत वाचणार. मुंबईचं जॅझ या मंडळींनी उभं केलं. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी, ही नावं जुन्या लोकांना माहीत असतील. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत वाजवून गेला, त्यामुळे तिकडे काय चाललंय याची खबर इकडे होती.

काका सांगायचे की ‘काइंड ऑफ ब्लू’ हाती आली तेव्हा धून उतरवून घ्यायला वेळ लागला नाही. अडचण आली ती पुढे. कॉर्ड्स बदलत असतील तर त्या तुम्हाला हात धरून नेतात. इथे सोळा मापं एकच सप्तक, कागदावर लिहिण्यासारखं काही नाही, आणि दहाव्या मापाला आपल्याजवळचं संपतं. ते म्हणायचे, ‘फास्ट वाजवणारे खूप पाहिले, पण असं उगी राहून वाजवायला छाती लागते.’ ट्रम्पेटच्या तोंडाला हार्मन म्यूट (आवाज दाबणारं धातूचं बूच) लावून, त्याची नळी काढून टाकून माइल्स माइकच्या अगदी जवळ वाजवायचा. तो पातळ, थरथरता आवाज काका मरेपर्यंत शोधत राहिले.

पुढे नीवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग घेऊन जॅझ वाजवलं. तो पूल बांधणारे आपलेच लोक. १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला तेव्हा त्या पहिल्या वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. ते ऐकलेली माणसं अजून भेटतात आणि अजून त्याच उत्साहाने बोलतात.

खर्ज

@सालीगावचो, तुमच्या काकांचं वाक्य लिहून ठेवतोय. ‘उगी राहून’.

@मध्यलय, ‘ब्लू इन ग्रीन’ ही अल्बममधली सगळ्यात छोटी रचना, साडेपाच मिनिटांची. यात कॅननबॉल नाही. आवर्तन दहा मापांचं, त्यामुळे आपला कान आठ किंवा बारावर संपण्याची वाट बघतो आणि ते भलतीकडेच संपून पुन्हा सुरू होतं. सुरुवात कुठे, शेवट कुठे, कळत नाही. माइल्स सावकाश जातो, एव्हान्स आणि कोल्ट्रेन त्याच कॉर्ड्स दुप्पट चालीने घेतात, आणि मग परत सगळं संथ होतं. आपल्याकडच्या ठाय-दुगुणीची सवय असलेल्याला हे लगेच पकडता येईल. श्रेय रेकॉर्डवर माइल्सचं आहे, पण एव्हान्सचं म्हणणं होतं की ही रचना त्याची आहे. ऐकताना मला एव्हान्सचाच हात दिसतो, हे माझं मत.

जर्सीतून_मुंबईकर

स्टुडिओबद्दल थोडं. तो मुळात एक चर्च होता, मॅनहॅटनमध्ये पूर्वेच्या ३० व्या रस्त्यावर. छत प्रचंड उंच, लाकूडकाम जुनं. पियानोवादक ग्लेन गूल्डने १९५५ मध्ये बाखचं ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ इथेच वाजवलं. ‘काइंड ऑफ ब्लू’चा ध्वनिमुद्रक फ्रेड प्लाउट. तीन ट्रॅकच्या टेपवर सगळे एकत्र, एकाच खोलीत वाजवत होते. आवाज तळघरातल्या एका खोलीत स्पीकरवरून सोडून तिथला घुमारा परत मिसळला जायचा. कॉबची झांज विरताना जी हवा ऐकू येते ती अशी आलेली आहे.

ती इमारत आता नाही. पाडून तिथे राहण्याच्या सदनिका झाल्या. मी मुद्दाम जाऊन आलो. त्या जागेवर काय घडून गेलं हे तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याला कळण्याची काही सोय नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आणखी एक. ज्या लोकप्रतिनिधींचं कशावर एकमत होत नाही त्यांच्या सभागृहात, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात, डिसेंबर २००९ मध्ये या अल्बमच्या पन्नाशीनिमित्त गौरवाचा ठराव आला आणि तो ४०९ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. जिमी कॉब तेव्हा हयात होता. या सात जणांपैकी तोच शेवटचा उरला होता, २०२० मध्ये गेला. पॉल चेंबर्स तर १९६९ मध्येच, अवघ्या ३३ व्या वर्षी.

आडवाटेने

@जर्सीतून_मुंबईकर, ठरावाचं ठीक. पण त्याच माइल्सचं त्याच महिन्यात काय झालं तेही इथे नोंदवू या. रेकॉर्ड आली १७ ऑगस्टला. २५ ऑगस्टच्या रात्री तो बर्डलँड क्लबमध्ये वाजवत होता, बाहेर त्याच्या नावाची पाटी. मधल्या वेळेत एका गोऱ्या बाईला टॅक्सीत बसवून देऊन तो पदपथावर उभा होता. पोलिसाने हटकलं, आपण इथेच काम करतो म्हणून तो हलला नाही, आणि त्याला डोक्यातून रक्त येईपर्यंत मारण्यात आलं. वर त्यालाच अटक. आरोप नंतर रद्द झाले.

मी वर म्हटलं की हा अल्बम टोचत नाही. @खर्ज यांचा प्रतिसाद वाचून परत ऐकला, आणि हे आठवून ऐकताना ती शांतता वेगळी वाटली. ज्या शहरात या माणसाला आपल्याच कामाच्या ठिकाणी बाहेर उभं राहता येत नव्हतं, तिथे तो हा आवाज काढत होता. कोलमनचं धाडस मला अजूनही मोठं वाटतं. पण ही शांतता मी आता मवाळ समजणार नाही.

काफीची_वही

हे माहीत नव्हतं. वाचून सुन्न झाले.

दुधारी

सगळे एव्हान्सबद्दल बोलताहेत, विंटन केलीला कोणी विचारत नाही! तो तेव्हाचा बँडचा नेहमीचा पियानोवादक. एव्हान्स १९५८ च्या अखेरीस बँड सोडून गेला होता, माइल्सने या अल्बमसाठी त्याला परत बोलावलं. २ मार्चला केली स्टुडिओत आला तर पियानोवर एव्हान्स बसलेला. तरी त्याला ‘फ्रेडी फ्रीलोडर’ मिळालं आणि ते त्या दिवशी सगळ्यात आधी ध्वनिमुद्रित झालं. साधा बारा मापांचा ब्लूज. पहिला एकल भाग केलीचा. ऐका तो, पाय हलल्याशिवाय राहणार नाही. एव्हान्सकडे धुकं आहे, केलीकडे ऊन. दोन विचारमग्न रचनांच्या मधोमध ही बसवली म्हणून पहिली बाजू श्वास घेते. माइल्सला माणसं कुठे बसवायची ते कळायचं, ही त्याची खरी प्रतिभा.

मध्यलय

@दुधारी +१. केलीचा भाग आत्ता लावला. दिवस चांगला गेला.

तानपुऱ्याची_जवारी

एक प्रश्न. माझ्याकडे वडिलांची जुनी एलपी आहे आणि फोनवरही अल्बम आहे. ‘सो व्हॉट’ला तानपुरा ॲप लावून बघितलं तर एलपीवरचा स्वर किंचित चढा लागतो. ‘ऑल ब्लूज’ दोन्हीकडे सारखाच. वडिलांच्या टर्नटेबलमध्ये दोष म्हणावा तर दोन्ही बाजूंना दिसायला हवा.

जर्सीतून_मुंबईकर

तुमचा कान शाबूत आहे आणि टर्नटेबलही. २ मार्चच्या बैठकीत मुख्य टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवली की त्या दिवशीच्या तिन्ही रचना, म्हणजे अख्खी पहिली बाजू, चढी ऐकू येते. एप्रिलच्या बैठकीत तो दोष नव्हता, म्हणून ‘ऑल ब्लूज’ जागेवर. तीसहून जास्त वर्षं जगाने पहिली बाजू चढीच ऐकली आणि कितीतरी वादकांनी रेकॉर्डबरोबर वाजवण्यासाठी आपलं वाद्य त्या स्वराला लावून घेतलं. दुसऱ्या यंत्रावर केलेली राखीव टेप वापरून १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं.

वडिलांच्या एलपीचं मागचं कव्हरही बघा. सुरुवातीच्या प्रतींवर ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लमेंको स्केचेस’ यांची नावं उलटसुलट छापली गेली होती.

तानपुऱ्याची_जवारी

आत्ता कपाट उघडून पाहिलं. आमच्या प्रतीवर नावं बरोबर आहेत, म्हणजे पुढची छपाई. पण चढी बाजू मी ठेवणार. बाबांनी तीच ऐकली.

दुधारी

माइल्सने आत्मचरित्रात म्हटलंय की या अल्बममध्ये त्याला जे हवं होतं ते साधलंच नाही. त्याच्या मनात आफ्रिकन नृत्यपथकाबरोबर ऐकलेल्या थम्ब पियानोचा (अंगठ्यांनी छेडायच्या वाद्याचा) नाद होता, आणि लहानपणी अर्कान्सासमध्ये अंधारात चालताना कानावर आलेलं चर्चचं गाणं. @खर्ज, हे तुमच्या मताशी कसं जुळतं?

खर्ज

@दुधारी, मला ते नीट जुळतं. त्याला डोक्यातला आवाज हुबेहूब काढायचा असता तर तो एप्रिलनंतर पुन्हा स्टुडिओत गेला असता, तालमी घेतल्या असत्या. त्याने ते केलं नाही. सहा जणांनी त्याच्या कल्पनेचं जे केलं ते त्याने तसंच राहू दिलं.

त्याचा पुरावा कोणालाही तपासता येईल. ‘फ्लमेंको स्केचेस’ला धूनच नाही. पाच सप्तकं एकापाठोपाठ एक, प्रत्येकावर वादकाने हवं तितकं थांबायचं आणि तयार झाला की पुढच्यावर जायचं. बाकीच्यांनी ऐकून ओळखायचं की हा आता निघाला. चौथ्या टप्प्यावर कोमल रिषभ येतो, स्पॅनिश वळण लागतं, आणि बहुतेक जण तिथे जास्त रेंगाळतात. या रचनेची त्या दिवशीची पहिली पूर्ण आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, आताच्या बहुतेक प्रतींत ती शेवटी जोडलेली असते. मूळ अल्बमवर आहे ती नंतरची. दोन्ही पाठोपाठ ऐका. आराखडा तोच, खोली तीच, दिवस तोच, आणि कॅननबॉल दोन्हींत अगदी निराळं बोलतो. मला पहिल्या आवृत्तीतला कोल्ट्रेन जास्त आवडतो, पण माइल्सने दुसरी निवडली ती एव्हान्ससाठी असावी असं वाटतं.

काफीची_वही

दोन्ही ऐकल्या. मला दुसरीतलाच कोल्ट्रेन आवडला. पहिलीत तो चाचपडतोय, दुसरीत त्याला दिशा सापडलीय. पहिलीत तुम्हाला नेमकं कुठे आवडला ते मिनिटासकट सांगा, तिथून परत ऐकते.